उन्हात जाऊ नका म्हणे!

आमच्या विद्यापीठाच्या परीक्षांना दोनच नावे आहेत. एक हिवाळी आणि दुसरी उन्हाळी. विदर्भाबाहेरच्या पाहुण्यांना या नावांचे हसू येते. परंतु ज्याने मे महिन्यात दुपारचा पेपर दिला आहे, त्याला या नावाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. उत्तरपत्रिकेवर मनगट टेकले की कागद ओला होतो, डोक्यावरचा पंखा गरम हवाच खाली ढकलत राहतो, आणि परीक्षा विषयाची चालली आहे की शरीराची, हेच कळेनासे होते.

गेल्या उन्हाळ्यात अशाच एका पेपरच्या दिवशी केंद्राच्या सूचनाफलकावर दोन कागद शेजारी शेजारी लावलेले पाहिले. एकावर उष्माघातापासून बचावाच्या सूचना होत्या. पहिलीच सूचना अशी की, दुपारी १२ ते ३ या वेळेत उन्हात जाणे टाळावे. दुसऱ्या कागदावर परीक्षेचे वेळापत्रक होते. पेपरची वेळ दुपारी २ ते ५! दोन्ही कागदांना एकाच हाताने टाचण्या टोचल्या असतील आणि टोचणाऱ्याला त्यात काही विसंगत वाटले नसेल. मलाही क्षणभर हसूच आले. पण ते हसू फार वेळ टिकले नाही. कारण 'उन्हात जाऊ नका' हे वाक्य मी त्याआधी एकदा ऐकले होते, आणि तेव्हा हसण्यासारखे काहीच नव्हते.

माझे वडील गवंड्याच्या हाताखाली काम करतात. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात एका घराचा स्लॅब टाकायचा होता. स्लॅबचे काम एकदा सुरू केले की मध्येच सोडता येत नाही. अर्धा टाकलेला स्लॅब सुकला तर जोड कच्चा राहतो. मिक्सर यायला उशीर झाला, काम दहाला सुरू झाले आणि भर दुपारी ऐन रंगात आले. चारच्या सुमारास दोघांनी धरून वडिलांना घरी आणले. अंग तापलेले, पण घामाचा थेंब नाही. बोलत होते, पण काय बोलत होते ते त्यांनाच ठाऊक. मला त्यांनी माझ्या काकांच्या नावाने हाक मारली.

घरात एकच गोंधळ उडाला. कोणी कांदा फोडून नाकाशी धरला, कोणी तोंडात पाणी ओतू लागले, कोणी म्हणाले बाहेरची बाधा असेल. शेवटी शेजारच्या आशाताई धावत आल्या. त्यांनी पाणी पाजणाऱ्याचा हात आधी बाजूला केला. सदरा काढायला लावला, माठातले पाणी सबंध अंगावर शिंपडले, ओली चादर टाकली, मानेला नि काखेत ओली फडकी ठेवली आणि पुठ्ठ्याने वारा घालायला आम्हा भावंडांना बसवले. मग १०८ ला फोन लावला. वडील वाचले. चार दिवस रुग्णालयात आणि आठ दिवस घरी. बारा दिवसांची मजुरी बुडाली.

घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "आता दुपारी उन्हात जायचे नाही." वडिलांनी हात जोडून "बरं साहेब" म्हटले. तेराव्या दिवशी सकाळी ते डबा घेऊन निघाले तेव्हा मी त्यांना डॉक्टरांच्या बोलण्याची आठवण करून दिली. ते म्हणाले, "बाबू, डॉक्टर बरोबर सांगते. पण स्लॅब का माह्यासाठी थांबते? घरी बसून राह्यलो तं खाऊ काय?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. हा लेख म्हणजे ते उत्तर शोधण्याचा एक प्रयत्न आहे.

प्रथम हे समजून घेऊ या की, उन्हात माणसाचे नेमके होते काय. आपल्या शरीराचे तापमान साधारण ३७ अंश सेल्सिअस असते आणि ते तेथेच राहावे अशी शरीराची धडपड असते. बाहेरची हवा अंगापेक्षा थंड असेल तोवर अंगातली उष्णता बाहेर जाते. पण हवाच ४२-४५ अंश झाली की उलटा प्रवास सुरू होतो. मग एकच उपाय उरतो, तो घामाचा. घाम नुसता येऊन चालत नाही. तो वाळला पाहिजे. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता अंगातून घेऊन जातो. माठातले पाणी गार होते तेही याच न्यायाने. माठाच्या अंगातून पाणी पाझरते, वाळते आणि वाळताना आतल्या पाण्यातली ऊब घेऊन जाते. माणूस म्हणजे उन्हाळ्यातला एक चालता-बोलता माठच होय. फरक इतकाच की, माठ रिकामा झाला तर दिसतो. माणूस रिकामा झालेला दिसत नाही.

याच न्यायाने आणखी एक गोष्ट उलगडते. आमच्याकडे वाळ्याच्या ताट्यांनी खोली थंडगार होते, कुलरने जीव सुखावतो. तोच कुलर मुंबईत नेला तर नुसता दमटपणा वाढवतो. तेथील हवेत आधीच इतके बाष्प असते की पाणी वाळतच नाही, आणि पाणी वाळत नाही तेथे घामही वाळत नाही. म्हणून नुसता पाऱ्याचा आकडा पाहून धोका ठरवणे चुकीचे आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघर येथे एका पुरस्कार-सोहळ्यासाठी लाखो माणसे उघड्या मैदानात तासन् तास उन्हात बसली होती. पारा चाळिशीच्या आतच होता. तरी त्या दिवसाच्या उन्हाने १४ जणांचा बळी घेतला. २०१३ च्या मे महिन्यात ४७.९ अंश सोसलेल्या नागपूरकराला कोकणातल्या ३८ अंशांची किंमत कळणार नाही; पण शरीराला ती कळते.

आता उपायांकडे वळू. आपल्या आजीपणजींना ही कॅलरीची भाषा ठाऊक नव्हती, पण उन्हाळ्याशी कसे वागावे याचे एक शास्त्र त्यांनी अनुभवातून बसवले होते. जाड मातीच्या भिंती, वर कवेलू, अंगणात संध्याकाळी सडा, डोक्याला आणि कानाला घट्ट बांधलेला पांढरा दुपट्टा, भर दुपारी बंद दारे-खिडक्या आणि रात्री उघड्या. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला पन्हे आणि आंब्याची डाळ. रोजच्या जेवणात ताक, कांदा, आंबील. पन्ह्याकडे जरा नीट पाहा: पाणी, साखर किंवा गूळ, मीठ आणि कैरी. घामावाटे जे जाते ते पाणी आणि मीठ. पन्ह्याने ते परत मिळते, आणि साखर ते मीठ आतड्यातून अंगात शिरायला मदत करते.

याच तत्त्वावर पुढे फार मोठे काम झाले. १९७१ साली बांगलादेशाच्या मुक्तियुद्धात लाखो निर्वासित भारतात आले. बनगावच्या छावणीत कॉलऱ्याची साथ पसरली आणि शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबिस यांनी पाणी, मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचे मिश्रण माणसांना तोंडावाटे पाजण्याचे धाडस केले आणि असंख्य प्राण वाचवले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले. आज औषधाच्या दुकानात मिळणारी ओआरएसची पुडी ती हीच. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून घरीच पाणी करता येते. चमचा चहाचाच असावा, आणि मीठ अंदाजाने वाढवू नये.

तथापि जुने ते सगळेच सोने, असे मानणाऱ्यांपैकी मी नाही. खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागत नाही, हा आमच्याकडचा दृढ समज आहे. माझ्या वडिलांच्या खिशात त्या दिवशीही कांदा होता! कांदा पोटात गेला तर ठीक. खिशात राहून तो फक्त खिसा खराब करतो. त्यातला खरा धोका असा की, कांद्याच्या भरवशावर माणूस पाण्याची बाटली विसरतो. तसेच रस्त्यावरच्या बर्फाचे. घशाला गार लागते म्हणून आपण बर्फाचा गोळा खातो, पण तो बर्फ कोणत्या पाण्याचा, हे कोणी विचारत नाही. आणि उन्हाळ्यात जुलाब लागले तर अंगातले पाणी दोन्ही वाटांनी जाते. आणि पंख्याविषयीही आपली एक समजूत दुरुस्त केली पाहिजे. हवा चाळीस अंशांच्या वर गेली की कोरड्या अंगावर पंखा गरम वाराच मारतो. अंग किंवा कपडा ओला करून पंख्याखाली बसले तरच खरा गारवा मिळतो.

हे सारे ज्ञान उपयोगाचे आहे, आणि ते प्रत्येकाला असावे. परंतु येथे थांबलो तर हा लेख त्या सूचनाफलकावरचा तिसरा कागद ठरेल. कारण प्रश्न ज्ञानाचा नाही. माझ्या वडिलांना ऊन वाईट हे ठाऊक नव्हते असे थोडेच आहे? त्यांना ते डॉक्टरांपेक्षा अधिक ठाऊक होते. प्रश्न असा आहे की, सावलीत बसायचे की नाही हे ठरवण्याचा अधिकार कोणाच्या हाती आहे? ज्याच्या हाती तो आहे, त्याला उपदेशाची फारशी गरज नसते. आणि ज्याला उपदेश केला जातो, त्याच्या हाती तो अधिकार नसतो. रस्त्यावर डांबर ओतणारा मजूर, वीटभट्टीवरची बाई, चौकातला वाहतूक पोलीस, घरोघर जेवणाचे डबे पोचवणारा पोरगा, टिनाच्या घरात दिवसभर पडून असलेली म्हातारी, या कोणाला 'घरातच थांबा' म्हणणार? टिनाचे घर तर दुपारी बाहेरच्या उन्हापेक्षाही तापते.

काही जण म्हणतात, "त्या लोकांना सवय असते." यात अर्धे सत्य आहे, म्हणूनच ते अधिक घातक आहे. शरीर उन्हाला सरावते हे खरे. एक-दोन आठवडे हळूहळू काम वाढवत नेले तर घाम लवकर सुटतो आणि त्यातले मीठ कमी जाते. परंतु सवय म्हणजे कवच नव्हे. पाणी आणि विसावा मिळाला तरच ती टिकते, आणि तिलाही सीमा असते. माझ्या वडिलांना पंचवीस वर्षांची सवय होती.

पाण्याची गोष्टही इतकी सोपी नाही. 'भरपूर पाणी प्या' असे आपण सहज म्हणून जातो. आमच्या वर्गातील एक मैत्रीण परीक्षेच्या दिवसांत सकाळपासून पाणीच पीत नसे. कारण विचारले तर आधी सांगेना. मग म्हणाली, "केंद्रावर मुलींसाठी धड सोय नाही. तीन तास कसे काढायचे?" शेतात निंदणाला जाणाऱ्या बायका, बाजारात भाजी विकणाऱ्या बायका हेच करतात. उन्हाळी लागते, लघवीला आग होते, चक्कर येते. पण लाजेपोटी कोणी बोलत नाही. म्हणजे उन्हापासून बचावाच्या साधनांत माठाइतकेच स्वच्छ स्वच्छतागृहाला स्थान आहे, हे आपल्या कोणत्याही सूचनापत्रात लिहिलेले मी पाहिले नाही.

मग करायचे काय? उत्तर फार दूर नाही. आमच्याच भागातल्या तेंदूपत्त्याच्या हंगामाकडे पाहा. गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलात मे महिन्याच्या ऐन उन्हात पाने तोडली जातात. पण तोडणारी कुटुंबे पहाटे अंधारातच निघतात आणि ऊन चढण्याआधी पाने घेऊन गावाकडे फिरतात. मग पुडे बांधण्याचे काम सावलीत बसून होते. त्यांनी उन्हाशी भांडण केले नाही. घड्याळाशी समझोता केला. शाळांनीही तेच केले आहे. उन्हाळ्यात शाळा सकाळची भरते, आणि विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. लहान मुलांसाठी वेळ बदलता येते, तर त्यांच्या बापांसाठी का बदलता येऊ नये?

दूरचे उदाहरण हवे असेल तर कतारचे घ्या. बांधकामावर आपल्या देशातले हजारो मजूर राबतात असा हा देश. तेथे २०२१ पासून १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी १० ते दुपारी साडेतीनपर्यंत उघड्यावर काम करून घेण्यास बंदी आहे. तेथील मजुरांचे सगळे प्रश्न सुटले असे मी म्हणत नाही. पण दुपारची सुट्टी कायद्याने देता येते, आणि ती दिल्याने इमारती उभ्या राहायच्या थांबत नाहीत, एवढे तरी सिद्ध झाले. जवळचे उदाहरण अहमदाबादचे. २०१० च्या मे महिन्यात त्या शहरात उष्णतेची भयंकर लाट आली. पुढे हिशेब मांडला तेव्हा आढळले की, एरवीच्या मे महिन्यापेक्षा त्या एका महिन्यात १३४४ मृत्यू अधिक झाले होते. त्यातून शहाणे होऊन २०१३ साली तेथे उष्णतेशी सामना करण्याची योजना आखली गेली. लाट येण्याआधी इशारा, दवाखान्यांची तयारी, पाणपोया, बागा दुपारी उघड्या ठेवणे, आणि पुढे गरीब वस्त्यांतील छपरांना पांढरा रंग. पुढे नागपूरसह अनेक शहरांनी तोच मार्ग धरला. योजना कागदावर किती आणि रस्त्यावर किती, हे विचारणे मात्र आपले काम आहे.

आणि खरे सांगायचे तर, ऊन हा सगळ्यांचा प्रश्न आहे, हा विचार आपल्याला परका नाही. अक्षय्य तृतीयेला पाण्याने भरलेला कुंभ, छत्री, पंखा, वाहणा दान करण्याची आपली जुनी रीत आहे. ऐन वैशाखात येणारा हा सण. त्या दिवशी काय द्यावे हे ज्याने ठरवले, त्याने उन्हात चालणाऱ्या माणसाकडे नीट पाहिले होते. पाणी, सावली, वारा आणि पायांखाली काहीतरी! आज त्या दिवशी आपण सोन्याच्या दुकानापुढे रांग लावतो. रस्त्याच्या कडेची पाणपोई गेली आणि तिच्या जागी बाटली आली. ज्याच्याजवळ वीस रुपये आहेत त्याची तहान भागते. बाकीच्यांनी नळ शोधावा.

हे सगळे सरकारने करावे म्हणून हात झटकून मोकळे होण्याचा माझा हेतू नाही. आपल्या महाविद्यालयापासूनच आरंभ करू या. आपल्या आवारातला जुना कडुनिंब दुचाक्यांच्या शेडसाठी तोडला गेला, तेव्हा आपल्यापैकी कोणीही चकार शब्द काढला नाही. मीही नाही. त्या शेडवर आता टिन आहे, आणि दुपारी तेथे गाडीच्या सीटवर हात ठेववत नाही. कडुनिंबाखाली पन्नास मुले बसत असत. त्या जागी नाही, तर दुसऱ्या जागी पाच झाडे लावू आणि तीन उन्हाळे जगवू. लावणे सोपे असते, फोटो निघतो. जगवायला रोज बादली उचलावी लागते.

दुसरी गोष्ट, उन्हाळी परीक्षेचे पेपर सकाळी ८ ते ११ या वेळेत घ्यावेत अशी मागणी आपण विद्यार्थ्यांनी विद्यापीठाकडे रीतसर करावी. खेड्यावरून येणाऱ्यांची पहिली एस.टी. त्या वेळेला पोचत नाही, ही अडचण मला ठाऊक आहे. मी स्वतः त्याच एस.टी.ने येतो. पण त्यावर तोड काढणे अशक्य नाही. केंद्रावर गार पाणी आणि मुलींसाठी स्वच्छ सोय असल्याखेरीज केंद्र देऊ नये, हेही त्याच अर्जात लिहावे.

तिसरी गोष्ट, राष्ट्रीय सेवा योजनेच्या आपल्या पथकाने बसस्थानकाजवळ चार रांजणांची पाणपोई चालवावी, आणि प्रत्येक स्वयंसेवकाने आमच्या आशाताईंनी केले ते शिकून घ्यावे. ते फारसे अवघड नाही. अंग भट्टीसारखे तापलेले, बोलणे भरकटलेले, चाल अडखळती, मग घाम असो वा नसो, असा माणूस दिसला की वेळ दवडू नये. सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, साध्या पाण्याने सबंध अंग भिजवून जोराने वारा घालावा, मान, काखा आणि जांघांत ओली गार फडकी ठेवावीत, १०८ ला फोन करावा. शुद्धीवर असेल तरच घोटघोट पाणी द्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात थेंबही घालू नये, कारण ते पाणी श्वासनलिकेत जाते. दवाखान्यात पोचेपर्यंत अंग थंड करणे थांबवू नये. यातले प्रत्येक मिनिट मोलाचे असते.

आता शेवटचे. यंदाच्या उन्हाळ्यात वडिलांच्या ठेकेदाराकडे पुन्हा एक स्लॅब आला. वडील आणि बरोबरची सात-आठ माणसे मिळून त्याच्याकडे गेली. एकटा माणूस बोलला असता तर दुसऱ्या दिवशी त्याला कामावरून कमी केले असते. आठ जणांना कमी केले तर स्लॅब कोण टाकणार? त्यांचे म्हणणे एवढेच होते की, मिक्सर आदल्या संध्याकाळीच आणून ठेवा, दिवे लावा, आम्ही पहाटे चारला येतो. ठेकेदाराने थोडी कुरकुर केली आणि मान्य केले. अकराच्या आत काम आटोपले. ठेकेदाराचे काही बुडाले नाही, मजुरीही पूर्ण मिळाली, आणि वडील दुपारी घरी येऊन ताकभात खाऊन झोपले. त्यांना असे मे महिन्यातल्या दुपारी घरात झोपलेले मी जन्मात प्रथमच पाहिले.

'उन्हात जाऊ नका' हे वाक्य वाईट नाही. ते अपुरे आहे. ते पुरे करायचे असेल तर त्याच्या पुढे आणखी एक वाक्य जोडले पाहिजे: 'आणि कोणाला उन्हात पाठवूही नका.' पहिले वाक्य ज्याचे त्याने पाळायचे आहे. दुसरे आपण सगळ्यांनी मिळून पाळायचे आहे. प्राचार्यांनी, ठेकेदारांनी, घर बांधून घेणाऱ्यांनी, आणि भर दुपारी घरबसल्या जेवण मागवणाऱ्या तुम्ही-आम्हीही.